बाबा जाऊन राहिले

आमच्या घरात मरण हा शब्द रोज पन्नास वेळा उच्चारला जायचा आणि तरी तो उच्चारायला सक्त बंदी होती. आम्ही कॅथलिक. आई रोज संध्याकाळी मेणबत्ती लावून रोझरीला बसते. रोझरी म्हणजे माळेच्या मण्यांवर पन्नास वेळा नमो मरिया, आणि प्रत्येक नमो मरियाच्या शेवटी विनवणी असते की आम्हा पाप्यांसाठी 'आता आणि आमच्या मरणाच्या वेळी' प्रार्थना कर. आई हे झरझर म्हणायची, मधेच मला गॅस बंद करायची खूणही करायची. पण माळ डबीत गेली की तो शब्दही डबीत. त्यानंतर मी नुसतं 'आज मरणाचं ऊन आहे' म्हटलं तरी ती माझ्याकडे अशी बघायची की जणू ऊन मीच पाडलंय. अमरावतीत मे महिन्यात उन्हाला दुसरं काय म्हणायचं, ते मात्र तिने कधी सांगितलं नाही.

ही बंदी लागू झाली बाबांच्या रिपोर्टपासून. बाबा एसटीतले निवृत्त कंडक्टर. सगळी नोकरी लोकांना 'कुठं जायचं' असं विचारण्यात गेलेली, त्यामुळे स्वतःच्या बाबतीतही मोघम उत्तर त्यांना चालत नसे. डॉक्टरांनी रिपोर्ट वाचला, आवाज खाली आणला आणि माझ्याकडे वळून इंग्रजीत सुरुवात केली. बाबांनी टेबलावर बोट वाजवलं.

"डॉक्टरसाहेब, तिकीट माझं हाये. मले सांगा, कुठपर्यंतचं हाये ते."

डॉक्टर भले होते. त्यांनी मराठीत सांगितलं. आजार स्वादुपिंडात सुरू झाला होता, यकृतापर्यंत गेला होता, आता कापून काढण्यासारखं काही राहिलं नव्हतं. दुखणं कमी ठेवता येईल, काही महिने मिळतील.

"म्हणजे रिटर्न नाही," बाबा म्हणाले आणि डॉक्टरांचे आभार मानून उठले.

पायऱ्या उतरताना आई म्हणाली, "कालचं पोरगं. त्याले काय कळते." कालच्या पोराला पूर्ण टक्कल होतं आणि त्याचा मुलगा माझ्या शाळेतून दहावी होऊन गेला होता, पण मी वाद घातला नाही. मी गणित शिकवते. एकाच गणिताची दोन उत्तरं घेऊन दोन माणसं एका रिक्षात बसली की मधे बसणाऱ्याचं काय होतं, ते मला त्या दिवशी कळलं. मला दोन्ही उत्तरं नको होती. मला बाबा हवे होते.

त्या दिवसापासून घरात दोन पक्ष झाले. आईच्या पक्षाकडे नोव्हेना म्हणजे नऊ-नऊ दिवसांच्या प्रार्थना होत्या, उपास होते आणि मावशीने वेलांकणीहून आणलेलं पवित्र पाणी होतं, प्लास्टिकच्या बाटलीत. ते ती चमच्याने बाबांच्या चहात घालायची. चहा पातळ होतो अशी बाबांची तक्रार. आमच्या मागच्या बाजूला भाजीपाला आणि फुलं लावणाऱ्या काकू राहतात, माळ्यांच्या. त्यांनी आपल्या देवीचा अंगारा पुडीत बांधून आणला. एरवी आई या बाबतीत कडक, पण तिने पुडी घेतली आणि बाबांच्या उशीखाली ठेवली. "राहू दे," मला म्हणाली, "कोणाच्या हातून काम होईन, सांगता येते का?" उशीखाली आधीच दोन संतांची पदकं आणि एक लहान क्रूस होता. रात्रभर कोण ना कोण टोचते, असं बाबा सकाळी सांगायचे.

बाबांचा पक्ष एकट्याचा होता, पण कामाला लागलेला. ते दफनभूमीत जाऊन जागा बघून आले आणि कडुनिंबाखालची पसंत केली. मग सुताराकडे गेले. मी सोबत होते, नसते तर बरं झालं असतं. सुताराने खुर्ची दिली, चहा सांगितला आणि शवपेटी कोणासाठी हवी ते विचारलं.

"माझ्यासाठीच," बाबा म्हणाले.

सुताराने त्यांना डोक्यापासून पायापर्यंत बघितलं. मग कानावरची पेन्सिल काढून म्हणाला, "मंग उभे राहा, काका." बाबा चप्पल काढून ताठ उभे राहिले. खांद्याचं माप घेताना सुतार म्हणाला की थोडी ढिली ठेवतो, आणि बाबा म्हणाले, "नको, मी आता बारीकच होऊन राहिलो." दोघांनी यावर मनापासून चर्चा केली. मी बाहेर येऊन भुसा झटकण्याच्या निमित्ताने डोळे पुसले. आईला आम्ही सांगितलं की भाजी आणायला गेलो होतो, आणि भाजी आणायला विसरलो.

पण दोन्ही पक्षांचं खरं भांडण तेलावरून होतं. आमच्यात आजारी माणसाच्या कपाळाला आणि तळहातांना फादर पवित्र तेल लावतात आणि प्रार्थना करतात. याला पुस्तकात रुग्णाभ्यंग म्हणतात. ते बरं वाटावं म्हणून, बळ मिळावं म्हणून असतं, कितीदाही घेता येतं, असं प्रत्येक फादर सांगून थकले. घरोघरी त्याचं नाव एकच, शेवटचं तेल. आईच्या वडिलांना तेल लावून फादर फाटकाबाहेर पडले आणि त्यांची सायकल वळायच्या आत आजोबा गेले. आई तेव्हा लहान होती आणि फाटक तिनेच लावलं होतं. तेव्हापासून तिचा हिशेब पक्का होता. तेल आलं की माणूस गेला.

याच्या बरोबर उलट पुरावा अकोल्याला होता. तिथे माझी आत्या, बाबांची मोठी बहीण. तिच्या किडन्या कामातून गेलेल्या, डायलिसिसवर होती आणि आता फार दिवस नाहीत हे तिलाही माहीत होतं. तिने कबरीत जाताना नेसायचं पांढरं लुगडं इस्त्री करून कपाटात ठेवलं होतं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ती ते दाखवायची. जरा जास्त झालं की फादरला बोलावून तेल घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी उठून बसून झणझणीत झुणका मागायची. तिच्या लेखी ते टॉनिक होतं.

आमचे फादर केरळचे. मराठी ते पुण्याला राहून, पुस्तकावरून शिकलेले. 'आपण कुशल आहात ना?' असं विचारायचे. त्यांना इथे येऊन फार दिवस झाले नव्हते आणि आमची वऱ्हाडी ऐकताना त्यांच्या कपाळाला आठ्या पडायच्या. आईला ते आवडत, पण ते घरी आले की तिचं सगळं लक्ष त्यांच्या झग्याच्या खिशाकडे.

"फादर, खिशात काय हाये?"

"मोबाइल आहे, आई."

"दाखवा."

फादर मुकाट्याने मोबाइल काढून दाखवायचे. मग त्यांना चहा मिळायचा.

एकदा मी बाबांची नखं कापत होते. आई चर्चमध्ये गेली होती. बाबा एकदम म्हणाले, "मले तेल घरीच घ्याचं होतं वो पोरी. तुही माय बाजूले बसून. तिनं हात धरला तं मले भेव नाही वाटणार." मी नखं कापत राहिले. जागा बघून आलेला, माप देऊन आलेला हा माणूस घाबरत असेल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी म्हटलं, मी आईशी बोलते. ते म्हणाले, "नको. ती कावते अन् मंग रडते."

मग त्यांनी दुसरा रस्ता काढला. अकोल्याला आत्याकडे जायचं. तिचे फादर तिला तेल लावणारच होते, त्याच वेळी यांनाही लावतील. "एका फेरीत दोन पॅसेंजर," बाबा म्हणाले. आईला फक्त एवढंच सांगितलं की बहिणीला भेटून येतो.

निघायच्या दिवशी आईने सकाळपासून भांडण काढलं. या तब्येतीत, या उन्हात, एसटीने. बाबांनी त्यांची जुनी पेटी काढली. ही पेटी पत्र्याची, नोकरीत असताना तिकिटांची होती, निवृत्तीला त्यांनी हट्टाने मागून घेतलेली. तीत औषधं आणि एक सदरा भरला. मी ती उचलून फाटकात उभ्या असलेल्या रिक्षाकडे नेत होते, तेवढ्यात फादरांचा फोन आला. आईने रडत, चिडत घेतला. फादर काय बोलले ते त्यांनी मला पुढे स्वतः सांगितलं, म्हणून हे संभाषण मला पूर्ण माहीत आहे.

"आई, बाबा कसे आहेत?"

"काय सांगू फादर, जाऊन राहिले."

फादरांनी तिकडे क्रूसाची खूण केली. मग म्हणाले, "केव्हा?"

"हे काय, आत्ताच. मी सकाळपासून नका जाऊ, नका जाऊ म्हणून राहिली. ऐकते कोण?"

"शांतपणे?"

"कायचं शांतपणे. भांडून."

"आपल्याजवळ कोण आहे?"

"पोरगी हाये न. पेटी उचलून राहिली."

"पेटी आलीसुद्धा?"

"घरचीच हाये, जुनी. लहान पडते, पण त्यांले तेच पाहिजे."

"आणि त्यांच्या अकोल्याच्या भगिनी?"

"ते तं कवाची वाट पाहून राहिली त्यांची."

फादरांना वाटलं, आत्या आधीच गेली. त्यांनी जड आवाजात म्हटलं, प्रभू दोघांनाही चिरशांती देवो. आईचं लक्ष रिक्षाकडे होतं. तिला 'प्रभू' एवढंच ऐकू आलं आणि सवयीने ती आमेन म्हणाली.

आमची बस अकोल्यात शिरली असेल-नसेल, इकडे चर्चची घंटा सुरू झाली. आमच्यात कोणी गेलं की ती थांबून थांबून वाजवतात. चर्चच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बाबांचा फोटो पडला, ख्रिसमसच्या जेवणातला, हातात पुरीसकट. बसमध्ये बाबा मात्र खुशीत होते. कंडक्टरला ओळख पटली होती, पुढची सीट मिळाली होती, आणि मूर्तिजापूरपर्यंत त्यांनी त्या बिचाऱ्याला तिकीट कसं द्यावं ते शिकवलं.

अकोल्याला आत्या पलंगावर तयार होती. तिचे फादरही आले होते, वयस्कर आणि घाईतले. आत्याने सगळ्यांना मोबाइल बंद करायला लावले, कारण मागच्या वेळी तिच्या कपाळाला तेल लागत असताना कोणाच्या तरी खिशात लग्नाचं गाणं वाजलं होतं.

तेव्हा अमरावतीला काय चाललं होतं, ते मागच्या काकूंनी सांगितलं. घंटा ऐकून त्या धावत आल्या. येताना शेतातला झेंडू तोडून घाईघाईत हार ओवून आणला. तोवर फाटकात चर्चचे लोक जमले, पांढऱ्या कपड्यांत. आईने दार उघडलं आणि एका सिस्टरने तिला मिठीत घेऊन सांगितलं की ते आता देवाच्या घरी आहेत. आईला वाटलं, बसला अपघात झाला. तिने मला फोन लावला, बंद. बाबांना लावला, बंद. मग ती उंबऱ्यावर खाली बसली.

"मेले का ते?" तिने विचारलं. "कोणी सांगा मले. मेले का?"

काकू म्हणतात, आई मग रडलीही नाही. दोन्ही हात उलटे करून मांडीवर ठेवले आणि म्हणाली, "मी तेल नाही लावू देलं त्यांले. तसेच गेले." हे तिने कितीतरी वेळा म्हटलं. काकूंना तेल म्हणजे काय ते माहीत नव्हतं, त्यांनी घरातून खोबरेलाची बाटली आणून तिच्याजवळ ठेवली.

शेवटी काकूंनीच विचारलं की बातमी आणली कोणी. लोकांनी फादरांकडे बोट दाखवलं. फादर म्हणाले, "मला स्वतः आईंनी सांगितले." सगळे आईकडे वळले.

"मी? मी कवा सांगितलं?"

"आपण म्हणालात, जाऊन राहिले."

काकूंच्या आधी लक्षात आलं. त्यांनी पदर तोंडात कोंबला, पण हसू बाहेर पडलंच. "अवो फादर, जाऊन राहिले म्हंजे अजून जाऊन राहिले. गेले नाही."

फादर पांढरे पडले. "पुस्तकात राहणे म्हणजे वास्तव्य करणे," ते म्हणाले. "मला वाटले, देवाच्या घरी जाऊन राहिले."

आई उठली. आत्याच्या घरात एक जुना लँडलाइन आहे, तो कोणाच्या लक्षात नसतो. तो वाजला तेव्हा आत्याचं तेल लावून झालं होतं आणि फादर बाबांकडे वळून बोट बुडवत होते. आत्याने कपाळाला आठ्या घातल्या, त्यामुळे तेल डोळ्यात ओघळलं. फोन बाबांच्या हाताशी होता, त्यांनी उचलला. आईचा आवाज मला बाजूला उभं राहूनही ऐकू येत होता.

"जिते हाये का तुमी?"

"सध्या तं हाये."

मग आई म्हणाली, "घरी या. तेल इथं घ्या. मी बसते बाजूले."

भरल्या एसटीत शेवटच्या बाकापर्यंत आवाज पोचवणारे माझे बाबा, ते कुजबुजल्यासारखे 'येतो' म्हणाले. त्यांनी फोन छातीशी धरून ठेवला. नंतर फादरांना म्हणाले, "माझं राहू द्या, फादर. माझं तिकीट अमरावतीचं निंघालं."

"मंग लहान्याच्या वाटचं बी मलेच लावा," आत्या पलंगावरून म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या मिस्सात, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, बाबांच्या आत्म्यासाठी प्रार्थना ठरलेली होती. बाबा पहिल्या बाकावर जाऊन बसले. फादरांना काय करावं कळेना. बाबांनी त्यांना हाताने खूण केली की होऊ द्या, आगाऊ रिझर्वेशन समजतो. मिस्सा संपल्यावर लोक एकेक करून त्यांना भेटले आणि काल आपण किती रडलो ते त्यांना सांगितलं. बाबांनी कोण किती रडलं याची बारकाईने चौकशी केली.

मग फादर घरी आले. या वेळी आईने खिसा तपासला नाही. काकूंनी कालचा झेंडूचा हार वाया जाऊ नये म्हणून बाबांच्या गळ्यात घातला होता, आणि तो बाबांनी काढू दिला नाही. आई पलंगावर त्यांचा हात दोन्ही हातांत घट्ट धरून बसली. फादरांनी कपाळाला तेल लावलं आणि तळहातासाठी थांबले.

"आई, हात सोडावा लागेल."

आईने सोडला. तेल लागलं न लागलं तोच पुन्हा धरला, तेव्हा अर्धं तेल तिच्याच हाताला लागलं. फादरांनी तेलाची डबी बंद केली. ते निघाले, त्यांची मोटरसायकल सुरू झाली, वळली, दिसेनाशी झाली. आई फाटकाकडे बघत होती आणि मग बाबांकडे. बाबांनी एक डोळा उघडला.

"काय पाहून राहिली? भरीत कर."

आईने भरीत केलं. तिखट इतकं घातलं की आम्ही सगळे डोळे पुसत जेवलो, आणि रडायची सोय आपोआप झाली.

त्यानंतर बाबा पावसाळाभर होते, दिवाळीलाही होते. आईने नोव्हेना सोडल्या नाहीत, चहात वेलांकणी चालूच राहिली. पण बंदी उठली. दफनाच्या वेळी कोणती गीतं म्हणायची यावर दोघं शेजारी बसून भांडायचे. बाबांना जोरकस हवी होती, आई म्हणे, लोक काय म्हणतील, आनंदानं गेले. मी मधे पडले नाही. आत्या अजून आहे, लुगड्याला नवीन इस्त्री झाली आहे.

थंडीत हरभऱ्याचे सोले, ओले हिरवे दाणे, बाजारात आले होते. दुपारी बाबांचा श्वास बदलला. मी त्यांच्या उशाशी होते, आईने पायाशी बसल्या बसल्या फोन लावला. स्पीकर चालू राहिला होता.

"फादर, जाऊन राहिले."

फादर आता आमची भाषा शिकले होते. त्यांनी घाई केली नाही. जपून, वऱ्हाडीतच विचारलं, "कुठं जाऊन राहिले, आई? अकोल्याले का?"

आईने कपाटावरच्या पत्र्याच्या पेटीकडे नजर टाकली.

"नाही, फादर. या बारीले पेटी घरीच ठेवली त्यांनी."

मग तिने फोन ठेवला, सरकून वर आली आणि बाबांचा हात धरला. फादर पोचले तेव्हाही तिने तो धरलेला होता, आणि बाबा अजून जाऊन राहिले होते.